स्थिती : वाटेत

आमच्या घरी पाहुणे आले आणि मुलगी काय करते असे त्यांनी विचारले, की आई सांगते, “लायब्रऱ्यांचं कायतरी करते कॉम्प्युटरवर. बरं चालू हाय तिचं.” यातील दुसरे वाक्य ती अंदाजाने म्हणते; पहिले मात्र, विचार केला तर, पुष्कळच नेमके आहे. संपादकांनी दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहायला सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले की अनुभव सांगण्याइतके माझे वय झालेले नाही. त्यावर ते म्हणाले की निवृत्त माणसांचे लेख त्यांच्याकडे पुरेसे आलेले आहेत. तेव्हा हा लेख भर नोकरीत असलेल्या माणसाचा आहे, एवढे वाचकांनी लक्षात घ्यावे.

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर मी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, असे मुलाखतीत विचारण्यात आले. मी उत्तर दिले की दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच असतो : वस्तू आत्ता कुठे आहे आणि ते आपल्याला कशावरून कळले. उत्तर मुलाखतीसाठी घासूनपुसून तयार केलेले होते आणि नोकरी मिळाली. एक वर्ष अमरावतीत काढायचे, हाती दाखवण्यासारखे एखादे काम घ्यायचे आणि पुणे किंवा त्याहून दूरचे शहर गाठायचे, असा माझा हिशेब होता.

हाती आलेले काम असे होते. अमरावतीचे एक जुने ग्रंथालय, अकोल्याचे सार्वजनिक ग्रंथालय, मोर्शीचे तालुका वाचनालय आणि आसपासच्या आणखी काही संस्था यांना एकमेकींची पुस्तके एकमेकींच्या वाचकांना द्यायची होती. प्रत्येकीचा संगणक वेगळा, त्यावरची प्रणाली वेगळी, नोंद करण्याची सवय वेगळी. सर्वांनी एकच प्रणाली वापरावी, हा यावरचा सर्वांत सोपा उपाय कोणालाही सुचतो. तो बैठकीत मांडला की पुढची वीस मिनिटे कोणाची प्रणाली, यावर जातात आणि मग चहा येतो.

दुसरा मार्ग असा की कोणाच्याही घरात शिरायचे नाही. ज्याची त्याची प्रणाली जिथल्या तिथे राहू द्यायची; प्रत्येकाने फक्त रस्त्याकडे एक खिडकी करायची. त्या खिडकीला ठरावीक प्रश्न विचारता येतात. हे पुस्तक तुमच्याकडे आहे का? सध्या कपाटात आहे की वाचकाकडे? अमुक वाचकासाठी राखून ठेवाल का? प्रश्न कोणत्या साच्यात विचारायचा आणि उत्तर कोणत्या साच्यात द्यायचे, हे आधी ठरलेले असते. खिडकीआड कोण बसले आहे, त्याचे कपाट कसे लावलेले आहे, हे विचारणाऱ्याला कळण्याची गरज नसते. या खिडक्यांना वेब सर्व्हिस म्हणतात, आणि अशा अनेक खिडक्या जोडून उभ्या राहिलेल्या रचनेला सेवाधारित रचना. बाहेरून दिसते ते इतकेच, की अकोल्यातल्या वाचकाने मोबाइलवर पुस्तकाचे नाव लिहिले की त्याच्या नकळत सगळ्या खिडक्या ठोठावल्या जातात आणि उत्तरे गोळा होऊन त्याच्यापुढे येतात.

या कामात मला पहिला धडा मोर्शीने दिला. तिथे वीज गेली की खिडकीतून काहीच उत्तर येत नसे आणि वाचकाच्या पडद्यावर उमटे : पुस्तक उपलब्ध नाही. वस्तुतः पुस्तक कपाटात शांतपणे उभे असे. उत्तर न येणे आणि उत्तर नाही असे येणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रयोगशाळेत मी कित्येकदा शिकले होते. आता आमच्या पडद्यावर येते : मोर्शीकडून अजून उत्तर आलेले नाही, थोड्या वेळाने पाहा. या वाक्याचा मला माझ्या प्रबंधिकेपेक्षा अधिक अभिमान आहे.

मोर्शीचाच आणखी एक किस्सा. एकाच मोबाइलवरून दिवसभर त्याच त्या पुस्तकांची चौकशी येऊ लागली. कोणीतरी प्रणाली बंद पाडू पाहत आहे, अशी मला शंका आली आणि मी तो क्रमांक अडवला. दुसऱ्याच दिवशी मोर्शीचे एक संत्राबागायतदार आमच्या अमरावतीच्या कार्यालयात हजर झाले. त्यांनी आपला सगळा ग्रंथसंग्रह वाचनालयाला देऊन टाकला होता, आणि आपले एखादे पुस्तक कोणी नेले की नाही, हे ते उठल्याबसल्या पाहत असत. क्रमांक मोकळा केला. पुढे त्यातले एक पुस्तक खरोखरच अकोल्याला गेले आणि पडद्यावर ‘वाचकाकडे’ असे उमटले, तेव्हा कार्यालयात संत्र्यांची पेटी आली. पडद्यावरच्या एका शब्दाने माणूस इतका सुखावू शकतो, हे मला नवीन होते.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती अशाच एका शब्दाची आहे. आमच्या प्रणालीत पुस्तकाच्या मोजक्याच स्थिती होत्या : कपाटात, वाचकाकडे, राखीव आणि वाटेत. पहिल्या तीन स्थितींमध्ये पुस्तकाला कोणीतरी जबाबदार असते. चौथीत ते दोन खिडक्यांच्या मधल्या रस्त्यावर असते. प्रश्न आणि उत्तरे तारेवरून क्षणात जातात, पण पुस्तकाला वजन असते आणि ते कोणीतरी उचलून न्यावे लागते.

टपालाने आम्ही सुरुवात केली होती. पुस्तके कोपरे दुमडून येत. मग अकोल्याच्या ग्रंथपाल संध्याताई इंगळे यांनी मार्ग सुचवला. अकोल्यात राहायला जाण्याआधी त्या स्वतः कित्येक वर्षे अमरावतीहून अप-डाऊन करत होत्या. अप-डाऊन हा आमच्याकडे शब्द नाही, ती जमात आहे. सकाळी बडनेऱ्याला गाडी पकडायची, मूर्तिजापूरला किंवा अकोल्याला उतरून नोकरी करायची आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे, अशी शेकडो माणसे आहेत. ती एका ठरावीक डब्यात बसतात, भाजी निवडतात, पत्ते खेळतात, वाढदिवस करतात आणि एकमेकांच्या वस्तू पोचवतात : औषधे, चाव्या, डबे, लग्नाच्या पत्रिका. संध्याताई म्हणाल्या, “आमच्या डब्यात लोकांनी एकमेकांच्या हाती सोन्याचे दागिने पाठवले आहेत व, पल्लवी. पुस्तक काय चीज आहे?”

तेव्हा आम्ही त्या डब्यातल्या काही जणांना वाहक म्हणून नोंदवले. अमरावतीला पुस्तक हाती देताना बारकोड वाचला जाई आणि स्थिती ‘वाटेत’ होई. अकोल्याला संध्याताईंनी तो वाचला की ‘राखीव’. आमचे सर्वांत भरवशाचे वाहक होते वानखडे भाऊ, अकोल्यातल्या एका कार्यालयात लिपिक. त्यांच्याकडून कधी एका पुस्तकालाही उशीर झाला नव्हता.

नुसरत शेख अकोल्याची. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होती आणि वऱ्हाडातील हाताने कापूस पिंजण्याच्या व्यवसायावर पीएच.डी. करत होती. तिचे आजोबा पिंजारी होते. खांद्यावर पिंजण्याची धनुकली घेऊन गावोगाव फिरायचे, गाद्या भरून द्यायचे. तिच्या प्रबंधातले मधले प्रकरण या फिरत्या पिंजाऱ्यांवर होते आणि ते बऱ्याच अंशी एका जुन्या, केव्हाच दुर्मिळ झालेल्या पुस्तकातल्या वर्णनावर उभे होते. ते वर्णन तिला दुसऱ्याच कोणाच्या लेखातल्या अवतरणातून मिळालेले होते. मार्गदर्शकांनी स्पष्ट सांगितले की मूळ पुस्तक स्वतः पाहून संदर्भ तपासा, नाहीतर हे प्रकरण काढून टाका. प्रबंध सादर करण्याची मुदत एकदा वाढवून मिळालेली होती. ती पुन्हा मिळणार नव्हती.

आमच्या खिडक्या ठोठावल्यावर ते पुस्तक अमरावतीच्या जुन्या ग्रंथालयात सापडले. एकच प्रत, फक्त तिथे बसून वाचण्यासाठी. नुसरतला तिथे येऊन बसणे शक्य नव्हते, कारण तिचे बाळ अवघे काही महिन्यांचे होते आणि अंगावर पीत होते. पुस्तकाची शिवण इतकी सैल झालेली होती की ते छायाप्रतीच्या यंत्रावर दाबणे म्हणजे त्याची पाने मोकळी करणे होते. तिने मला फोनवर सांगितले, “पल्लवी, प्रबंधात बाकी सगळं सरकारी कागदांवरून लिहिलंय. ह्या एका प्रकरणात माझे दादाजी आहेत. ते काढलं तर उरलेलं मी कशासाठी सादर करू?”

मी ग्रंथालयाचे मानद सचिव गुल्हाने सर यांना भेटले. ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पुस्तक कपाटातून काढले, धाग्याने बांधले, पुन्हा सोडले, पुन्हा बांधले. मग म्हणाले, “हे पाहा, तुझ्या खिडक्याबिडक्यांशी मला काही देणंघेणं नाही. जी मुलगी पिंजाऱ्यांवर लिहून राहिली, तिला हे मिळालं पाहिजे. पण याच्यानंतर दुसरी प्रत नाही, एवढं ध्यानात ठेव.” नियमाला अपवाद करून त्यांनी ते दिले. मी छापलेली चिठ्ठी त्याच्या आत ठेवली आणि ते वानखडे भाऊंच्या हाती दिले. बारकोड वाचला गेला. स्थिती : वाटेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्थिती तीच होती. संध्याकाळीही तीच. संध्याताईंनी सांगितले की वानखडे भाऊ आलेच नाहीत. त्यांचा फोन लागत नव्हता. त्यांच्या कार्यालयात विचारले तर ते रजेवर होते. मी सगळ्या खिडक्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिले. प्रत्येक खिडकीने शिष्टाचार पाळून एकच उत्तर दिले. आमची रचना अगदी बिनचूक चालली होती आणि पुस्तकाचा पत्ता नव्हता.

नुसरतला सांगावे का, असे मी संध्याताईंना विचारले. त्या म्हणाल्या, “आत्ताच नको सांगू. लेकराची आई आहे, झोप कमी, त्यात मुदत डोक्यावर. सापडलं की सांगू.” मलाही ते पटले. गुल्हाने सरांना मात्र सांगणे भाग होते. ते रागावले नाहीत, रोज सकाळी फोन करून फक्त “काही?” एवढे विचारत. रागावले असते तर बरे झाले असते.

तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी वानखडे भाऊंचा फोन लागला. ते दर्यापूरकडच्या एका खेड्यातून बोलत होते. बडनेऱ्याच्या फलाटावरच त्यांना निरोप आला होता की सासऱ्यांना दवाखान्यात भरती केले आहे. ते तसेच मागे फिरले होते.

“अन् पुस्तक?” मी विचारले.

“सिस्टरले देऊन देल्लं न. तुमी काहून घाबरून राहिल्या म्याडम?”

“कोणत्या सिस्टर?”

“आपल्या सिस्टर. दवाखान्यात हाय ते. मूर्तिजापूरले उतरतात.”

“नाव काय त्यांचं?”

“सिस्टरच म्हनतो आमी. इतक्या सालात नाव विचारायचं कामच नाही पडलं.”

“भाऊ, त्या मूर्तिजापूरला उतरतात. मग पुस्तक अकोल्याला कसं जाईल?”

“जाईल न बापा,” ते म्हणाले, जणू मीच काहीतरी विचित्र विचारत होते. “त्या देतीन कोनाले तरी पुढं. तसंच करतो आमी. तुमी टेन्शन नका घेऊ, पुस्तक वाटेतच हाय.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ वहीवर रेघा ओढत बसले. प्रत्येक टप्प्याला फक्त पुढचा टप्पा माहीत असावा, संपूर्ण साखळी कोणालाच माहीत असण्याची गरज नसावी, एक कडी निखळली तर दुसरीने तिची जागा घ्यावी, अशा रचनेची आमच्या शास्त्रात मोठी शिफारस केली जाते. मी ती पुस्तकांतून शिकले होते आणि बैठकांमध्ये सांगत होते. तीच रचना बडनेरा ते अकोला माझ्याआधीपासून रोज धावत होती. फक्त तिला बारकोड वाचता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बडनेऱ्याहून त्या डब्यात चढले. बायकांच्या बाजूला मेथी निवडणे चालले होते. सिस्टर कुठे आहेत असे विचारताच चार जणी एकदम बोलू लागल्या. त्यांची बदली झाली होती. पेढे वाटून झाले होते. नंबर मात्र कोणापाशीच नव्हता, कारण रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर कोण घेतो? पुस्तकाचे त्यांना चांगले आठवत होते. मेथीवाल्या काकूंनी सांगितले, “जुनाट होतं, धाग्यानं बांधलेलं. तिनं मांडीवर उभं धरून ठेवलं होतं, कोनाले पानी बी नाही सांडू देल्लं. मूर्तिजापूर आलं तं खिडकीतून सलीमले देल्लं. तो तिथंच चढते.”

मूर्तिजापूरला सलीम चढला. अकोल्यातल्या एका कापडाच्या दुकानात काम करणारा, विशी ओलांडलेला, नीट भांग पाडलेला तरुण. मी पुस्तकाचे नाव काढताच तो म्हणाला, “ते तं तवाच देल्लं न दीदी, त्याच दिवशी.”

“कुठे दिलं?”

“लायब्ररीत. चिठ्ठीवर नुसरत शेख लिवलं होतं, अकोला लिवलं होतं, लायब्ररी लिवलं होतं. जुन्या शहरात देऊन आलो.”

“चिठ्ठीवर आणखी काही लिहिलं नव्हतं का?”

“होतं. काही एबीसीडी अन् आकडे.”

ती एबीसीडी म्हणजे संध्याताईंच्या ग्रंथालयाचा सांकेतिक क्रमांक होता. माझ्या प्रणालीला तो पाहताच कळतो. सलीमचे आजोळ जुन्या शहरातले. लहानपणी सुट्टीत तो तिथल्या उर्दू-मराठी वाचनालयात बसून चित्रांची पुस्तके पाहत असे. अकोल्यात लायब्ररी म्हणजे त्याच्या दृष्टीने ती एकच. चिठ्ठी यंत्राला पुरेशी होती आणि माणसाला अपुरी. त्याने मात्र अपुऱ्या माहितीवर आपल्या परीने पूर्ण काम केले होते.

ते वाचनालय आमच्या जाळ्यात नव्हते, म्हणून तिथे खिडकीच नव्हती. दोन खोल्या, एका खोलीत वर्तमानपत्रे वाचणारे वृद्ध, दुसरीत कपाटे आणि कपाटांसमोर मांडी घालून बसलेले रफीक चाचा. ते वाचनालय सांभाळतात आणि पोटासाठी पुस्तकबांधणी करतात. मी ओळख सांगितली, अमरावतीहून आले असे सांगितले. त्यांनी सुई बाजूला ठेवली.

“अच्छा, तं ते किताब तुमची होती. बेटी, ऐसी किताब कोनी घराबाहेर काढते का? शिवण पूरी निघाली होती. पैले मी ते शिवली, मंगच पुढं देली.”

“पुढं म्हणजे कुणाला?”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी सूर्य कुठे उगवतो असे विचारले आहे. “नुसरतले. अजून कोनाले? मी स्वतः घरी नेऊन देली. लेकरू लहान हाय तिचं, कुठं येईन ते?” मग आवाज किंचित वाढवून, वर्तमानपत्रवाल्यांनाही ऐकू जाईल असे ते म्हणाले, “अन् तुमच्या अमरावतीच्या सायबाले सांगा, आता ते किताब जमिनीवर आपटून पाहा. एक पान हललं तं रफीकचं नाव बदलून टाका.”

नुसरतचे घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे होते. तिच्या सासूने दार उघडले आणि बोटाने गप्प राहण्याची खूण केली. आतल्या खोलीत बाळ झोळीत झोपले होते. नुसरत झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून जमिनीवर बसली होती, समोर उशीवर ते पुस्तक उघडे, मांडीवर वही. दोरी ओढत ओढत ती लिहीत होती. मला पाहून ती हसली आणि हळूच म्हणाली, “तू कशाला आलीस? मला अजून दोन दिवस हवेत. आणि ऐक, तुमची घरपोच सेवा मला फार आवडली.”

मी खाली बसले. काय झाले ते सगळे तिला सांगितले. ती आधी घाबरली, मग तिला हसू आवरेना, आणि बाळ जागे होईल म्हणून तिने ओढणीचा बोळा तोंडात धरला. शेवटी म्हणाली, “सगळ्यांना विचारलंस. मला एक फोन करायचास ना.”

हे तिचे वाक्य आता आमच्या रचनेत आहे. पुस्तकाला उशीर झाला की प्रणाली सर्वांत आधी वाचकाला विचारते : पुस्तक तुमच्यापर्यंत आले का? चिठ्ठीवर ग्रंथालयाचे नाव आणि वस्ती मोठ्या मराठी अक्षरांत छापली जाते, सांकेतिक क्रमांक खाली बारीक. पुस्तक हाती असलेला कोणीही, तो नोंदवलेला वाहक असो वा नसो, त्यावरचा क्रमांक पाठवून ‘माझ्याकडे आहे’ एवढे कळवू शकतो. रफीक चाचांच्या वाचनालयालाही खिडकी झाली. तिथे संगणक नाही. चाचा मोबाइलवर बोलून उत्तर देतात आणि ते बहुधा विचारलेल्या प्रश्नापेक्षा लांब असते.

पुढचे आधी सांगून टाकते. गुल्हाने सरांच्या हाती पुस्तक परत आले तेव्हा त्यांनी ते उलटसुलट केले, शिवणीवरून नखे फिरवली आणि परवानगीवाचून ग्रंथालयाच्या पुस्तकाला सुई लावणारा हा इसम कोण, असे कडक आवाजात विचारले. मी सांगितले. आठवड्याने त्यांनी मला बोलावून सैल झालेल्या पुस्तकांचा एक गठ्ठा पुढे केला. “जुन्या शहरात पाठव. विचारून शिवायला सांग.” तेव्हापासून असे गठ्ठे नियमाने जातात. विचारून शिवण्याची अट चाचांनी अजून मान्य केलेली नाही.

मधल्या काळात पुण्याहून मला एक चांगली संधी आली होती. मी नाही म्हटले, आणि त्याचे थोडे वाईटही वाटते. ते मी लपवणार नाही. पण पश्चिम विदर्भातल्या प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयाला खिडकी असावी, हे काम पुण्यात बसून होणारे नाही, आणि ते दुसऱ्या कोणी माझ्याआधी केलेले मला चालणार नाही. जे काही मला जमले त्यात माझ्या हुशारीचा वाटा किती आणि मूर्तिजापूरच्या फलाटावर खिडकीतून पुढे झालेल्या हाताचा किती, याचा ताळेबंद मी मांडलेला नाही. मांडला तर मी देणेकरी निघेन.

नुसरतचे प्रकरण प्रबंधात राहिले. मार्गदर्शकांनी ते वाचून फक्त एका ठिकाणी स्वल्पविराम सुचवला. प्रबंध छापायला जाण्याआधी पुस्तक परत करायचे होते. त्या दिवशी मी कामासाठी अकोल्यातच होते; मी म्हटले की मी घेऊन जाते, मला तसेही अमरावतीला परतायचे आहे. तिने ऐकले नाही. ती स्वतः नेणार होती, बाळाला घेऊन, आणि त्याच डब्यातून. रात्री बडनेऱ्याला मावशीकडे राहून सकाळी गुल्हाने सरांना भेटणार होती. तिला आभाराच्या पानासाठी नावे हवी होती.

आम्ही अकोल्याला संध्याकाळच्या गाडीत चढलो. मी मेथीवाल्या काकूंना ओळख करून दिली : हीच ती पुस्तकवाली. क्षणात जागा झाली. पुस्तक आधी पाहण्यात आले. ते किती जाड आहे, किती जुने आहे, यावर चर्चा झाली. पिंजाऱ्याचे चित्र असलेल्या पानावर वानखडे भाऊंना आपल्या लहानपणीची गादी आठवली. सलीम म्हणाला की शिवण चाचांची आहे, हे तो लांबूनही ओळखतो. मग काकूंचे लक्ष बाळाकडे गेले आणि त्यांनी हात पुढे केले. “दे व इकडं. तू लिव, काय लिवायचं ते.”

नुसरतने बाळ दिले आणि वही उघडली. तिने एकेकाला विचारायला सुरुवात केली. वानखडे भाऊंचे पूर्ण नाव त्या डब्यातल्या बऱ्याच जणांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले आणि त्यावरून त्यांची भरपूर चेष्टा झाली. सिस्टरचे नाव कोणालाच सांगता आले नाही. एकीला सुनीता वाटत होते, दुसरीने ते ठामपणे खोडून काढले. शेवटी नुसरतने ‘मूर्तिजापूरच्या सिस्टर’ असे लिहिले आणि त्याखाली एक रेघ ओढली.

बाळ काकूंकडून शेजारच्या बाईंकडे गेले, तिथून पलीकडच्या बाकावर, तिथून खिडकीजवळ बसलेल्या एका आजोबांकडे. आजोबांनी त्याला बाहेरची शेते दाखवली आणि पुढे दिले. मला राहवेना, मी उठून मान उंचावून पाहू लागले. काटेपूर्णा स्टेशन मागे पडले तेव्हा बाळ डब्याच्या पार दुसऱ्या टोकाला पोचले होते आणि कोणाचा तरी चष्मा ओढत होते. नुसरत मान खाली घालून नावे लिहीत होती. तिने एकदाही वर पाहिले नाही.